रानमेवा: काय कच्चं तोडायचं, काय पिकू द्यायचं आणि बरणीत कसं घालायचं

कोकणात आणि घाटमाथ्यावर रानमेव्याचा हंगाम फार आखूड. करवंदं, कैऱ्या, भोकरं, तोरणं, रातांबे (कोकमाची फळं), जांभळं, सगळं चैत्र ते ज्येष्ठात येतं आणि ७ जूनच्या सुमारास मृग लागला की आवरतं घ्यावं लागतं. पाऊस पडला की जांभळात अळी, रातांब्याला पाणी आणि वाळवणाला ऊन नाही. त्यामुळे ज्यांना यंदा पहिल्यांदा हे करायचं आहे त्यांनी मेची सुट्टी संपत आल्यावर नाही, तर गुढीपाडव्यालाच बरण्या काढून ठेवाव्यात.

दुसरी गोष्ट अवस्थेची. करवंदाचं लोणचं घालायला निघालेला माणूस बाजारातून काळीभोर पिकलेली करवंदं घेऊन येतो आणि मग तिसऱ्या दिवशी बरणीत लगदा का झाला म्हणून विचारतो. एकच फळ, पण कोवळं असताना त्याचं एक होतं, निबर झाल्यावर दुसरं आणि पिकल्यावर तिसरंच. हे कळलं की कृती दुय्यम ठरते.

आधी ओळख, मग तोंडात

ज्या फळाची खात्री नाही ते चाखून बघायचं नाही. “माकडं खातात म्हणजे माणसाला चालतं” हे खरं नाही, पक्ष्यांबद्दलही नाही. चिकावरूनही काही ठरत नाही. करवंदाला पांढरा चीक असतो आणि ते आपण मिटक्या मारत खातो. पिवळ्या कण्हेरीला, म्हणजे बिट्टीलाही पांढरा चीक असतो आणि तिचं बी हृदय बंद पाडू शकतं. दोन्ही झाडं एकाच कुळातली.

तीन झाडं तरी मुलांना हाताला धरून दाखवा. पहिलं बिट्टी, जिच्या बिया खेळायला घेतात. दुसरं मोगली एरंड, कुंपणाला लावतात ते. त्याच्या बिया चवीला बऱ्या लागतात म्हणून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात जातात. तिसरा काजरा, म्हणजे कुचला. कोकणातल्या जंगलात याची नारिंगी, गोल, गुळगुळीत फळं इतकी देखणी असतात की अनोळखी माणसाला संत्र्याचीच आठवण व्हावी. त्यातल्या चपट्या बिया जीवघेण्या आहेत. कुणी असं काही खाल्लंच तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. फळाची फांदी बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठा.

बिब्बा आणि काजू खायचे आहेत, पण त्यांच्या टरफलातलं तेल अंगाला लागलं की फोड येतात. बिब्ब्याचं पिकलेलं केशरी बोंड वाळवून खातात, ती “बिब्ब्याची फुलं” आठवडी बाजारात मिळतात. ती विकतच घ्या. ओले काजू सोलायचे असतील तर हाताला आधी खोबरेल चोळा आणि सोलताना डोळ्याला हात लावू नका.

कुठून आणायचं

अभयारण्यातून आणि राष्ट्रीय उद्यानातून परवानगीशिवाय काहीही तोडता येत नाही, करवंदसुद्धा नाही. इतर वनांतही गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याने तिथल्या आदिवासी आणि पारंपरिक वननिवासींना दिला आहे, शनिवार-रविवारी फिरायला गेलेल्यांना नाही. गावात कुणाचा बांध, कुणाची परसबाग असेल तर विचारून घ्या. नाहीतर कर्जत, कसारा, माळशेजकडच्या रस्त्याला कातकरी, ठाकर बायका द्रोण मांडून बसलेल्या असतात, त्यांच्याकडून घ्या. तिथे पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये. करवंदाच्या जाळीत एकदा हात घालून बघा म्हणजे भाव समजेल.

त्यांना आदल्या आठवड्यात सांगून ठेवलं तर लोणच्याची कच्ची करवंदं वेगळी आणून देतात. द्रोणात मिळतात ती पिकलेली असतात, कारण वाटसरू तीच मागतो.

जागेवरच खाऊन संपवायचं

सगळं साठवायच्या मागे लागू नका. तोरणाची पांढरी फळं, आटकं, अळूची पिकलेली फळं (भाजीचं अळू नव्हे, रानातलं काटेरी झाड) ही त्या त्या दिवशीच खायची. अळूची निबर फळं काढून गवतात अढी घातली की पिकतात, तेवढंच.

पिकलेलं करवंद खाताना बिया तशाच गिळल्या तरी चालतात. मुलांच्यात ते फोडायच्या आधी “कोंबडा की कोंबडी?” विचारायचा खेळ आहे. आतून लालभडक निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. कच्च्या कैऱ्या-करवंदं उपाशीपोटी खाऊ नका. दात आंबतात आणि मग जेवताना भाकरीही चावत नाही. बिंबलं आणि कमरख यांच्यात ऑक्सॅलिक आम्ल भरपूर असतं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी कमरखाला हातही लावू नये.

भांडी, मीठ, पाणी

आंबट फळ आणि धातू यांचं जमत नाही. पितळेच्या भांड्याला कल्हई नसेल तर पदार्थ कळकतो, अॅल्युमिनियमलाही आंबट खातं. शिजवायला स्टील, साठवायला चिनी मातीची किंवा काचेची बरणी. प्लॅस्टिकचे डबे वाळवणाला ठीक, खाराला, म्हणजे मिठाच्या पाण्याला नाही.

बरणी गरम पाण्याने धुऊन दिवसभर उन्हात पालथी-उताणी करून खडखडीत वाळवायची. जुन्या घरांत निखाऱ्यावर हिंग टाकून बरणीला धुरी देतात, जमलं तर जरूर द्या. तोंडावर स्वच्छ कापडाचा दादरा बांधायचा आणि वर झाकण. चमचा कोरडा, हात कोरडा, फळ कोरडं. धुतलेली फळं कापडावर पसरून एकेक पुसायची आणि तास-दोन तास पंख्याखाली ठेवायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं इथेच नवशिके घाई करतात. लोणचं नासतं ते मसाल्यामुळे नाही, देठाशी राहिलेल्या पाण्याच्या थेंबामुळे.

मीठ खड्याचं घ्या, भाजून गार करून कुटा. अंदाज सोपा आहे: लोणच्याला फळाच्या वजनाच्या पाचवा हिस्सा मीठ, म्हणजे किलोला २०० ग्रॅम. फळ बुडवून ठेवायच्या खाराला लिटरभर पाण्यात २५० ग्रॅम. खारट होईल म्हणून मीठ कमी करणाऱ्यांनी लोणचं फ्रीजमध्ये ठेवावं आणि महिन्याभरात संपवावं, वर्षाची आशा धरू नये.

करवंदाचं लोणचं आणि जेली

लोणच्याला हिरवी, टणक, फार तर एका बाजूने गुलाबी झाकलेली करवंदं. देठ खुडलं की देठाच्या जागी दुधासारखा थेंब उभा राहतो आणि बघता बघता बोटाला चिकटून काळा पडतो. म्हणून आधी हाताला तेल. देठं काढून अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवली की बराचसा चीक निघून जातो. मग धुवायची, पुसायची, वाळवायची. उभी दोन भागांत चिरायची. बिया काढायच्या की नाही हा घराघरातला वाद आहे. मी काढत नाही, कच्च्या बिया कोवळ्या असतात आणि काढत बसलं तर निम्मा गर जातो.

अर्धा किलो फोडींना १०० ग्रॅम मीठ आणि चमचाभर हळद लावून रात्रभर झाकून ठेवा. सकाळी खार सुटलेला असेल. त्यात ५० ग्रॅम मोहरीची डाळ, तळून कुटलेली चमचाभर मेथी, हिंग आणि सोसेल तेवढं तिखट. वाटीभर तेल चांगलं तापवून पूर्ण गार करून घाला. फोडींच्या वर बोटभर तेल हवं. आठ-दहा दिवसांत मुरतं. रोज कोरड्या चमच्याने खालीवर करा. करवंदाला कैरीइतकं पाणी सुटत नाही, म्हणून पहिल्या दिवशी लोणचं कोरडं वाटलं तरी घाबरून पाणी किंवा लिंबाचा रस ओतू नका.

जेलीसाठी निम्मी-अर्धी पिकलेली, लालसर करवंदं घ्या आणि त्यात मूठभर काळी, फक्त रंगासाठी. कच्च्या करवंदात पेक्टिन भरपूर असतं, म्हणून वेगळं काही न घालता जेली बसते. पूर्ण पिकलेल्यांची बसत नाही. फळं जेमतेम बुडतील एवढ्या पाण्यात मऊ शिजवायची, डावाने ठेचायची आणि पातळ फडक्यात बांधून टांगून ठेवायची. पिळायची नाही, पिळलं की रस गढूळ होतो. वाटीला वाटी साखर घालून मोठ्या आचेवर उकळा. ताटली आधी फ्रीजरमध्ये ठेवा, तिच्यावर थेंब टाका, बोटाने ढकलल्यावर सुरकुती पडली की गॅस बंद. त्या पातेल्याला चिकाचा काळा वेढा बसेल, तो पाण्याने जात नाही. आधी तेलाच्या बोळ्याने पुसा, मग घासा.

कैरी: वळवाने पाडलेली आणि हाताने काढलेली

या दोन वेगळ्या कैऱ्या समजा. घळ किंवा झेला (काठीला जाळी बांधलेलं फळं काढायचं साधन) वापरून देठासकट उतरवलेली, कुठेही न आपटलेली कैरी लोणच्याची आणि खाराची. तिचं देठ लगेच तोडू नका. घरी आणल्यावर कैरी उलटी धरून देठ मोडायचं आणि चीक गळून जाऊ द्यायचा. तो अंगावर उडाला तर उततो, ओठाच्या कडेला लागला तर चार दिवस दिसतो.

एप्रिल-मेमधल्या वळवाने सडा पडतो तो वेगळा. त्या कैऱ्या कुठेतरी ठेचकाळलेल्या असतातच, लोणच्यात घातल्या तर अख्खी बरणी घालवतील. त्यांची त्याच दिवशी आंबोशी करायची. साल काढा, ठेचलेला भाग उडवा, पातळ काचऱ्या करा, मीठ चोळून रात्रभर ठेवा. सकाळी सुटलेल्या पाण्यातून पिळून काढून उन्हात पसरा. कडक उन्हात चार-पाच दिवसांत काचरी वाकवली की मोडते. मग मीठ भुरभुरवून डब्यात. पावसाळ्यात आमटीत, माशाच्या कालवणात चिंचेच्या जागी हीच पडते. ते पिळलेलं खारं पाणी फेकू नका, दोन दिवस वरणात वापरता येतं.

खारातली कैरी करायला सगळ्यात सोपी, म्हणून पहिल्या वर्षी हीच करा. कोय धरायच्या आतल्या लहान, टणक कैऱ्या, अख्ख्या. लिटरला २५० ग्रॅम मीठ घालून पाणी उकळायचं, पूर्ण गार करायचं, गाळून घ्यायचं. कोरड्या कैऱ्या बरणीत भरून त्यावर हा खार ओतायचा. कैऱ्या तरंगतात आणि जी वर डोकं काढते तिच्यावर बुरा धरतो. म्हणून वर ताटली आणि ताटलीवर धुऊन वाळवलेला गुळगुळीत दगड. महिन्याभरात कैरीचा हिरवा रंग उतरून शेवाळी होतो, साल सुरकुतते. मग आषाढात मऊ भात, वर तूप आणि ही कैरी हिरवी मिरची लावून कुस्करून. याहून जास्त काही लागत नाही.

भोकरं याच दिवसांत येतात. ती हिरवी, टणक हवीत, पिकल्यावर नुसता डिंक. वरची टोपी काढून बत्त्याने हलकेच ठेचायची, तोंड उघडलं की काडीचं टोक मिठात बुडवून बी उकरून काढायची. मीठ नसेल तर काडी, बी आणि बोट तिन्ही एकमेकांना चिकटून बसतात. भोकराला स्वतःचा आंबटपणा नाही, म्हणून ती कैरीच्या लोणच्यातच घालतात, किलोभर कैरीला पाव किलो.

रातांबे: एका फळाच्या तीन बरण्या

कोकणात वर्षभराची आंबट सोय कोकमावर चालते. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही आहे. रातांबा पूर्ण पिकलेला, गडद लाल हवा. काही पिवळट-लाल फळं गळ्यात मारली जातात, ती दोन दिवस पसरून ठेवली की रंग धरतात.

फळं धुऊन पुसून अर्धी करा. आत पांढऱ्या आंबट-गोड गरात गुंडाळलेल्या पाच-आठ बिया असतात. गर आणि बिया एका भांड्यात, सालं दुसऱ्यात. बियांच्या भांड्यात मीठ घाला, किलोभर फळांना शंभर-सव्वाशे ग्रॅम. दुसऱ्या दिवसापर्यंत रस सुटतो. सालं पहिला दिवस नुसती वाळवा. संध्याकाळी ती या खाऱ्या रसात बुडवून ठेवा, सकाळी काढून पुन्हा ऊन दाखवा, संध्याकाळी पुन्हा रसात. हे पुट पाच-सहा वेळा. पहिल्या दिवशी साल लाल आणि वाटीसारखी असते. तिसऱ्या दिवशी कडा आत वळतात, रंग जांभळा होतो. शेवटी ती काळी, चामट आणि मुठीत दाबली तर चिकटून राहणारी होते, पण बोटाला पाणी लागत नाही. तेच आमसूल. खडखडीत कडक झालं तर ऊन जास्त झालं आणि पुटं कमी पडली. जुनं आमसूल जास्त काळं आणि जास्त आंबट, दोन-तीन वर्षं सहज टिकतं.

ज्यांच्याकडे गच्ची नाही त्यांनी आगळ करावं. गर-बिया आणि चिरलेली सालं एकत्र करून वजनाच्या पाचवा हिस्सा मीठ घालायचं, बरणीत आठवडाभर रोज ढवळायचं आणि गाळून बाटलीत भरायचं. सोलकढीला चमचा-दोन चमचे पुरतात, मात्र कढीत वेगळं मीठ घालण्याआधी चव घ्या.

अमृत कोकमाला सालांच्या वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत थर लावतात, किलोभर सालांना दोन किलो साखर. आठ-दहा दिवस उन्हात, रोज हलवून. साखर पूर्ण विरघळल्यावरच गाळा. खाली साखर शिल्लक असताना गाळलेला पाक आंबतो. जिरेपूड आणि मीठ पिताना घाला, बाटलीत नको.

बिया राखेत घोळवून वाळवतात. त्यांचं तेल काढतात ते मुठेल, भेगाळलेल्या टाचांना उत्तम. पण ते काढणं हा वेगळा उद्योग आहे. शहरातल्या माणसाने बिया गावाकडच्या कुणाला देऊन टाकाव्यात.

जांभूळ टिकवायच्या फंदात फार पडू नका

पालघरमधल्या बहाडोलीच्या टपोऱ्या जांभळांना मानांकन मिळालं आहे, रानातली त्यापुढे चिंगळी, पण तुरट चव तिथेच. जांभूळ दोन दिवसांत मऊ पडतं. मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, खा, जीभ जांभळी करा. उरलीच तर बी काढून गर फ्रीजरमध्ये. सरबत करायचं असेल तर गराएवढीच साखर घालून एक उकळी द्या, गाळा, फ्रीजमध्ये ठेवा. पाऊस पडून गेल्यावर घेतलेली जांभळं खाण्याआधी एक-दोन फोडून बघायची, अळी असते.

बरणी बिघडली का, कसं ओळखायचं

खाराच्या वर पातळ पांढरा तवंग आला आणि वास चांगला असेल तर तो काढा, कैऱ्या खाराखाली दाबा, मीठ थोडं वाढवा. केसाळ, हिरवा-काळा बुरा दिसला तर वरवरचं काढून बाकीचं वापरणं नको, सगळं टाका. मोरांब्याला, जेलीला, पाकालाही हेच. फळ बुळबुळीत झालं, खार तार धरू लागला किंवा दारूसारखा वास आला तरीही बरणी रिकामी करायची. लोणच्यावर तेल कमी दिसलं तर मात्र ते नासलेलं नाही, मसाल्याने तेल पिऊन घेतलं आहे. तापवून गार केलेलं तेल वरून ओता.

आमसुलं आषाढ-श्रावणात ओलसर होतात, वर पांढरी पूड दिसते. ती बहुधा वर आलेलं मीठ असते. बोटाने चोळून, जिभेला लावून बघा: खरखरीत आणि खारट असेल तर मीठच, कापसासारखी मऊ असेल तर बुरा. मीठ असेल तर उघडीप मिळाली की एक दिवस ऊन दाखवा आणि पुन्हा बरणीत भरा.